झोपेचा साक्षीदार

—न्हाई न्हाई, बराबर टाइप केलंस धम्मानंद, ‘दिनांक चार रोजी दुपारी कामावर झोपलेले आढळले’ — पुढं नाव घाल, अमृतराव. असा काहून बघून राहिलास? व्हय, मीच. बावीस वर्षं कापसाच्या जिनिंगमधी कारकुनी केली, आता सेठचा भाचा कॉम्प्युटर घेऊन आला — सेठ म्हणे, अमृतराव, सगळ्यांच्या नोटिसा तुमीच लिहिता, तुमची बी तुमीच लिहा, आरोप पाहून घ्या एखादा. पाहून घ्या — जशी बाजारातली भाजी. मंग मी झोपेचा घेतला. हाताखालून गेलेला हाय, आजवर चौघांना लावला — तुला धरून. राग न्हाई ना? इथं तहसीलीसमोर तुझं टायपिंग बरं चालून राहिलं की.

सरक इकडं, हळू बोलतो — भाचा तिकडं स्कूटरवर बसला हाय, कागद न्यायला — त्याच्या कॉम्प्युटरवर मराठी उमटत न्हाई अजून. नोटिशीला पुरावा लागतो, न्हाई तर लेबर कोर्ट माणसाला परत कामावर घ्यायला लावतं. म्हणून साक्षीदार कोण घातला? मीच. ‘मी स्वतः मला झोपलेलं पाहिलं.’ जज विचारल, झोपलेल्या माणसानं पाहिलं कसं — खलास नोटीस. माझी पोरगी सपना डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला हाय रे, नोकरी गेली तर तिचं शिक्षण सुटतं. भ्या वाटतं मला, खरं सांगतो.

तुझ्या नोटिशीत असं भोक ठेवलं न्हाई मी, ते बी खरं. तुझा साक्षीदार पेमा चौकीदार, एकदम पक्का — तो त्या दिवशी होळीला तांड्यावर गेलता हे कोर्टाला काय माहीत, कोऱ्या कागदावर त्याचा अंगठा मी आधीच घेऊन— सोड ते. जुनं झालं. तू टाइप कर.

झालं? अरे मला दाखव ना आधी, भाच्याला काहून दिलास? गेला बी तो. आण, कार्बनची प्रत तरी पाहू — ‘साक्षीदार : पेमा चौकीदार’? हे कोणी सांगितलं तुला? पेमा तर सेठ म्हणल तिथं अंगठा देतो… वाचतो थांब… आता कुठंच भोक न्हाई. मी बी असंच लिहिलं असतं. म्हंजे पेमा खोटी साक्ष देतो हे कोर्टात सांगणारा तू एकटाच उरलास. येशील ना? तुझ्यावर बीतलंय, तुझं ऐकतील — धम्मानंद? मशीनवर खोळ काहून घालून राहिलास?