सखारामअण्णांची दुसरी शिट्टी

आजकालच्या रेफरींना शिव्या घालता ना? आमच्या बंगळुरातल्या बसवनगुडीच्या सखारामअण्णांसारखा समान न्याय कोणी देऊन दाखवावा!

कारखान्यांच्या फुटबॉल कपची फायनल. समोरच्यांचा गडी एकटाच आमच्या गोलवर निघाला, तशी मी गर्दीतून खिशातली शिट्टी फुंकली. गडी थबकला, गोल हुकला. अण्णांनी येऊन माझा कान धरला.

"अण्णा, स्वल्प चूक झाली."

"सरी, ठीक आहे. पण दोघांना सारखंच हवं. मी मान हलवली की पुन्हा फुंकायची. नाहीतर तुमची टीम बाद!"

शेवटच्या मिनिटाला आमच्या टीमचा, माझा सख्खा भाऊ बाबू मोकळ्या गोलसमोर. अण्णांनी मान हलवली. मी फुंकली. बाबू थबकला, गोल हुकला. मॅच बरोबरीत.

घरी बाबू गरजला, "कोण तो गाढव शिट्टीवाला?"

म्हटलं, "अण्णांना विचार. त्यांनीच नेमलाय."