काळी वही

नाही म्हणजे नाही. — येत नाही असं कुठे म्हणालो मी? डोळे मिटून येतं. सेटिंगमध्ये जायचं, तिथून कॉलमध्ये, खाली 'अनोळखी नंबर शांत ठेवा' — एक बटण दाबलं की झालं. मग ओळखीच्या नंबरांशिवाय एकाही फोनची घंटा तुमच्या आईला ऐकू येणार नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. पण मी नाही करणार. का म्हणजे? दुकान माझं, हात माझे, मर्जी माझी. आईच्या फोनची काच फुटली होती, ती बदलली, चार्जिंगच्या भोकातला कचराही काढला, तुम्ही न सांगता — बस. घ्या तो फोन आणि निघा.

काय दाखवताय? कागद? बघू. — हो, माझाच आहे. 'फोन वापरणाऱ्यांसाठी दहा सूचना', खाली दुकानाचा शिक्का. आणि पहिलीच सूचना, ठळक अक्षरात — अनोळखी नंबर उचलू नका!! दोन उद्गारचिन्हं. ती उद्गारचिन्हं माझी नाहीत, पण ते जाऊ दे. शेकड्यांनी वाटलेत मी हे कागद. मग बाकीच्या नऊ सूचना पाळा ना! ओला फोन तांदळात ठेवू नका, लिहिलंय की नाही? काल एक बाई आल्या, फोन दोन दिवस तांदळाच्या डब्यात, भोकात दाणा अडकलेला, आणि वर मलाच विचारतात, 'तुम्ही किती दिवस ठेवता?' अहो, मी तांदूळ शिजवतो! फोन वेगवान करतो म्हणणारं ॲप टाकू नका, लिहिलंय. एकजण असली चार टाकून आला, चारही एकमेकांना साफ करत बसलेली, आणि फोन तापून इस्त्री झालेला. ते कुणी पाळायचं नाही. पाळायची ती पहिली सूचना! आणा इकडे तो कागद. आणा म्हणतो ना — हा बघा, फाडला. दाराच्या काचेवर एक होता, तोही मीच फाडलाय. चिकटपट्टीचे डाग दिसतायत बघा चार कोपऱ्यांत, रॉकेलनेसुद्धा निघत नाहीत मेले.

थांबा जरा. — हॅलो! हो, मीच बोलतोय. — नको. क्रेडिट कार्ड नकोय मला, होतं ते कात्रीने कापलं. — नाही, नाही, तुमच्यावर नाही रागावलो. चालू द्या तुमचं. — हं.

हसायला काय झालं? हो, अनोळखी होता. हो, उचलला. सकाळपासूनचा अकरावा. कर्ज हवंय का, विमा हवाय का, जमीन घेता का, गुडघे दुखतात का — सगळ्यांशी बोलतो मी. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' म्हणायचंय ना तुम्हाला? म्हणा. आणि काही वेळा तर पलीकडे कुणीच नसतं, माहितीये? आपण हॅलो हॅलो करत बसतो आणि पलीकडे नुसती शांतता. घाबरतात लोक, काळी जादू म्हणतात. जादूबिदू काही नाही, यंत्र असतं ते. एकदम दहा-वीस नंबर फिरवतं, जो आधी उचलेल त्याला माणूस जोडून देतं, बाकीचे तसेच लटकत. तीन सेकंद, फार तर चार, आपोआप कट. मी मोजतो. एक, दोन, तीन — कट. रोज मोजतो.

पण आता तुमचं बोलू. तुम्ही म्हणालात, आई कुणाचाही फोन उचलते आणि गप्पा मारत बसते, एक दिवस फसेल. बरोबर? काच बसवल्यावर कॉल लावून तपासावं लागतं, तेव्हा कॉलची यादी समोर आली. मी मुद्दाम नाही बघितली. — बरं, बघितली. विमा विकणारी कोण मुलगी आहे, तिच्याशी बावीस मिनिटं. गॅसवाला समजून भलत्याच माणसाला लागला, त्याच्याशी नऊ मिनिटं. आणि 'मुलगा' म्हणून जो नंबर आहे — परवाच्या रविवारी अठ्ठेचाळीस सेकंद. त्याच्या आधीच्या रविवारी एक्कावन्न. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, ठेवतो. बावीस मिनिटं ती विमावाली मुलगी ऐकून घेते त्या माऊलीचं, आणि तुम्हाला तिची घंटा बंद करायचीय! — रागावू नका, नाहीतर रागवा, मला काय. तिला बसवून सांगा ना एकदा — उचल, बोल, पण मोबाइलवर आलेला आकडा कुणाला सांगायचा नाही, कुणी सांगितलं म्हणून ॲप टाकायचं नाही, पोलीस बोलतोय म्हणाला तरी आधी मला विचारायचं. दहा मिनिटं लागतात. पण दहा मिनिटं नाहीत, म्हणून बटण!

मी काय बोलतोय तेच कळत नाहीये तुम्हाला. ही वही बघा. काळ्या पुठ्ठ्याची, ही. आम्ही काळी वहीच म्हणायचो. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, 'अमक्या नंबरावरून फसवणुकीचा फोन आला', की नंबर इथे उतरवायचा. आणि मग — ही माझी अक्कल बरं का, माझी स्वतःची — दुरुस्तीला आलेला प्रत्येक फोन परत देण्याआधी त्यात वहीतले नंबर घालायचे. ते नंबर ओळखणारं ॲप असतं ना, त्यात. ब्लॉक करायचा, वर 'फसवणूक' म्हणून तक्रार टाकायची. एका फोनवरून टाकली तर काही होत नाही. साठ-सत्तर फोनांवरून टाकली की तो नंबर लाल होतो — जगात कुणालाही फोन केला तरी समोर लाल पट्टी. छाती फुगायची माझी. पोलिसांना जमत नाही ते मी आठ बाय दहाच्या दुकानात करतोय म्हणायचो. चिमटी म्हणायची, 'बाबा, नंबर तपासल्याशिवाय टाकू नका.' मी म्हणायचो, तू तुझं बघ.

चिमटी म्हणजे मुलगी माझी. सगळे तिला तेच म्हणायचे, सदा हातात चिमटा म्हणून. ती खुर्ची तिची — नाही, बसू नका तिच्यावर. आई लवकर गेली तिची, शाळा सुटली की इथेच असायची. तिळाएवढा भाग उचलायची आणि जागच्या जागी ठेवायची, श्वास रोखून. माझा हात आता थरथरतो, तिचा नाही. तो कागदही तिनेच टाइप केला होता. उद्गारचिन्हं तिची. — तुम्हाला हे कशाला सांगतोय मी? विचारलंत तरी का तुम्ही?

तर तिला नोकरी लागली. दुसऱ्या गावी, कंपनीच्या मोठ्या सेंटरमध्ये. मी म्हटलं, तिथे दुरुस्ती कुठे करतात, पूर्ण बोर्ड बदलतात आणि गिऱ्हाइकाच्या हातात बिल देतात, ते काय काम आहे? ती म्हणाली, 'तिथे यंत्रं आहेत बाबा, मला शिकायचंय.' मी डोक्यात राख घालून घेतली. म्हणजे माझ्याकडचं शिकणं संपलं का तुझं? असं मी म्हणालो, आणखीही बरंच. शेवटी म्हणालो, सिम माझ्या नावावर आहे, माझ्या नावावरचं काही घेऊन जायचं नाही. रागात माणूस बोलतो हो! तिनेही काही बोलायला हवं होतं, भांडायला हवं होतं. नाही. तिने पिन घेतली, ट्रे काढला, सिम त्या मॅटवर ठेवलं — सरळ, कडेला कड लावून, काम संपल्यावर ठेवते तसं — आणि गेली. तिलाच माझा पीळ आलाय, दुसऱ्या कुणाचा येणार?

मी फोन केला नाही. कुठे करणार? नंबर माझ्याच खणात पडलेला. म्हटलं, करेल तीच. करेल ना! आणि चार दिवसांनी एक अनोळखी नंबर यायला लागला. संध्याकाळी, पावणेसात झाले की रोज. आता माझ्या फोनवर ते तुमचं लाडकं बटण चालू, घंटा वाजायचीच नाही, नंतर यादीत दिसायचं. आठवडाभर बघितलं आणि म्हटलं, हा कुणीतरी चिवट कर्जवाला दिसतोय, वेळ ठरवून करतो. वहीत उतरवला. हे पान. हा तिसरा. ब्लॉक केला, तक्रार टाकली, आणि पुढचे दोन महिने दुकानात येईल त्या प्रत्येक फोनमध्ये घातला. एकूण एक. एका आजोबांनी विचारलं, 'हा कोण?' मी म्हटलं, पक्का चोर आहे आजोबा, रोज येतो. त्या नंबरावरून मेसेजही येत असणार, ते कचऱ्यात जातात, आणि कचरा दर रविवारी न वाचता रिकामा करायचा — सूचना क्रमांक सात. पाळली मी ती. कुणी नाही पाळली, मी पाळली!

समजलं ना? की अजून स्पष्ट सांगू?

तिची मैत्रीण आली बॅटरी बदलायला. मी म्हटलं, तिचा नंबर आहे का गं तुझ्याकडे? तिने सांगितला, मी आकडे टाकत गेलो, आणि दहावा आकडा टाकला तशी स्क्रीन लाल झाली. माझ्या हातात. 'हा नंबर तुम्ही ब्लॉक केला आहे. फसवणूक.' खाली तक्रारींचा आकडा. मी त्या पोरीसमोर स्टुलावर बसलो. लावला तरी — बंद. ती म्हणाली, 'काका, नवा द्यायचा नाही म्हणून मी जुनाच सांगितला. तो तिला टाकून द्यावा लागला. सेंटरमधून गिऱ्हाइकांना कळवायचं काम तिच्याकडे होतं, तुमचा फोन तयार आहे म्हणून, आणि कुणी उचलायचंच नाही, सगळ्यांना लाल दिसायचं. साहेबांनी विचारलं, तू आधी काय धंदे करायचीस?' — माझ्या पोरीला! जिने दुसऱ्याच्या फोनमधला एक फोटो कधी उघडून बघितला नाही, तिला! आणि हे कुणी केलं? कुठल्या चोराने नाही केलं. ह्या हातांनी केलं. ह्याच स्टुलावर बसून, रोज, मन लावून, फुकटात!

नवा नंबर आहे त्या मैत्रिणीकडे. दिला नाही. म्हणाली, 'कुणाला देऊ नको म्हणालीये ती. पण मी सांगेन तिला, तुम्ही विचारत होतात.' मी म्हटलं, लाल पट्टीचं नको सांगूस, ते मी सांगेन. फक्त एवढं सांग, बाबा आता उचलतात म्हणावं. कुठलाही नंबर असू दे, उचलतात. त्याला अकरा आठवडे झाले.

म्हणून उचलतो. आता कळलं? त्यातला कुठला तिचा असेल, मला काय माहीत? कर्जवाल्याला शिवी द्यायची सोय राहिली नाही मला, कारण तोंड उघडेपर्यंत तो कर्जवाला आहे हे कळत नाही. आणि तुम्ही येता, मी लिहिलेला कागद माझ्याच तोंडासमोर नाचवता, आणि म्हणता आईची घंटा बंद करा! उद्या तुमचाच फोन हरवला, रस्त्यात पडलात कुठे, आणि दुसऱ्याच्या फोनवरून आईला लावलात — तेव्हा? तेव्हा काय ते बटण उचलणार आहे? एक शब्द बोलू नका. पैसे नकोत मला तुमचे, उचला फोन आणि —

थांबा. वाजतोय.

हॅलो. — हॅलो, बोला. — नाही, कुणी नाही पलीकडे, यंत्र आहे, सांगितलं ना तुम्हाला, आता बघा — एक. दोन. तीन. —

चार. —

पाच.

तो पंखा बंद करा. बंद करा हो पंखा, तुमच्या डाव्या हाताला बटण आहे! — सात.

हॅलो? — हं. आहे मी. मीच आहे. — नको बोलूस, बोलायचं नसेल तर नको बोलूस, काही घाई नाही. फक्त ठेवू नकोस. मी सांगतो, माझंच चुकलंय, सगळं सांगतो, तू नुसती धरून ठेव —

तुम्ही अजून इथेच? काय बघताय माझ्या तोंडाकडे? जा ना! जा म्हटलं ना, जा!