मामाचा खोका

...आणि त्यालाही कलम आहे, तुम्हाला सांगतो. नाही, बसा, मी म्हणूनच दाखवतो. अठ्ठावीस वर्षं पोलादपूरच्या शाळेत मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या, आता पाठांतराची पाळी माझ्यावर आली... पिऊन गाडी चालवली, एकशे पंच्याऐंशी, पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने किंवा दहा हजार किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षं किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. बेदरकार चालवली, दोनशे एक्क्याऐंशी. त्यात माणूस गेलं, एकशे सहा, पाच वर्षांपर्यंत. लायसन जातं ते वेगळं. आणि रक्तात किती चालते? शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम. आमच्या हर्षदच्या रक्तात एकशे अठरा निघाली. गणितात त्याला कधी पस्तीसच्या वर पडले नाहीत, आणि हे मी सांगतो, कारण गणित मीच शिकवायचो.

हर्षद म्हणजे माझा भाचा. माझी थोरली बहीण तुळसा, आम्ही तिला बाय म्हणतो, तिचा धाकटा. आणि गेलं ते माणूस म्हणजे सरिता, माझी बायको. आता बघा, आरोपी घरचा, मयत घरची, साक्षीदार मी. वाडीतल्या लोकांना कळेना, समाचाराला कोणाच्या दारात आधी जावं. काही जण बिचारे दोन्हीकडे चहा पिऊन गेले.

काल महाडच्या कोर्टात माझी साक्ष झाली. एक गोष्ट सांगायचीच, असं ठरवून गेलो होतो. ती कोणती ते सांगतो, पण आधी खोका. खोक्याशिवाय काही कळायचं नाही.

आमची वाडी वरंधच्या अलीकडे, डोंगराच्या अंगाला. बाय तिथेच, मी शाळेपायी पोलादपूरला राहतो. आमच्याकडे रीत अशी, की हळदीला दारूचा खोका आणायचा तो नवऱ्यामुलाच्या मामाने. मामा पीत असो नसो. मी थेंबाला शिवत नाही, पण मामा आहे ना! गेल्या मे महिन्यात थोरल्या भाच्याची, मंगेशची हळद. बाय आठ दिवस आधीपासून फोनवर, "पांडू, खोका चांगला आन रे. मास्तर झालास म्हनून हलकी आनशील नि माझी मान खाली घालशील." आता मला त्यातलं काय कळतंय? दुकानात जाऊन विचारलं, पाहुण्यांना काय देतात? तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, तुम्ही?" मी त्याच्याही मुलाला शिकवलेला. चोरासारखा खोका पोत्यात घालून नेला, आणि वाडीत पोत्यातून काढला तेव्हा असा काही जल्लोष झाला, तुम्हाला सांगतो, अठ्ठावीस वर्षांत शंभर टक्के निकाल लागला तेव्हासुद्धा कोणी माझ्यासाठी एवढ्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

रीत पुढेही आहे. पहिला पेला मामाने स्वतःच्या हाताने भरायचा. हळद संध्याकाळी, पण खोका दुपारीच फुटतो. नवऱ्यामुलाने नुसता ओठांना लावायचा आणि बाकीचा त्याच्या भावाने संपवायचा. भाऊ म्हणजे हर्षद. मग दुसरा, मग तिसरा, "मामा, तुमच्या हातचा आहे, नाय कसा म्हणू?" मी भरत गेलो. मला काय माहीत किती भरायचा असतो? मी पाण्यासारखा भरला.

तीनच्या सुमाराला बायला आठवलं, मामी कुठाय? सरिता महाडला गेली होती, शेवंतीच्या वेण्या आणि बांगड्या आणायला. स्टँडवरून एसटी धरून येते म्हणाली होती. बाय कसली ऐकते! मामी मांडवात एसटीने येणार? लोक काय म्हणतील? मामीला आणायला नवऱ्यामुलाचा भाऊ गाडी घेऊन जातो, ही आणखी एक रीत. हर्षदचा पिकअप अंगणात उभा. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मामा सांगेल तसं. मी म्हणालो, "जा रे, मामीला घेऊन ये. येताना बर्फ आण."

पोचला की हो व्यवस्थित. बर्फ घेतला, स्टँडवर गेला. येताना वरंधच्या अलीकडच्या वळणावर गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली. त्याचं मनगट मोडलं. सरिता जागेवर गेली. बर्फ, म्हणाले, रस्त्यावर संध्याकाळपर्यंत वितळत होता.

मग सुरू झाली कलमं. पोलिसांनी त्याचं रक्त काढलं, गाडी ठाण्यात लावली. विमा कंपनीचं पत्र आलं. पिकअप ही मालवाहू गाडी. मयत व्यक्ती ही माल नव्हे आणि मालासोबतची व्यक्तीही नव्हे, सबब दावा मंजूर करता येत नाही. त्यालाही कलम आहे. मी उत्तर लिहिलं, मराठीत, शुद्धलेखन तपासून, की तिच्या मांडीवर चाळीस वेण्यांची पिशवी होती, ती मालात धरता येईल का? अजून उत्तर नाही.

नागसेन म्हणून माझा वर्गमित्र आहे, महाडला वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करतो. त्याच्याकडे बसून मी हे सगळं शिकलो. एकदा त्याला म्हटलं, नागसेन, पिणाऱ्याला कलम, चालवणाऱ्याला कलम, पाजून पाठवणाऱ्याला काय? त्याने पुस्तक चाळलं. चाळता चाळता थांबला. मी म्हटलं, वाच. "एकशे अठ्ठ्याऐंशी. अपप्रेरणा. अशा गुन्ह्याला जो अपप्रेरणा देईल, त्यालाही तीच शिक्षा." मग पुस्तक मिटून म्हणाला, "हे तुझ्यासाठी नाय रे." मी विचारलं, मग कोणासाठी आहे? तो चहा सांगायला बाहेर गेला.

साक्षीच्या आदल्या दिवशी बाय आली. ओट्यावर बसली, आत आली नाही. म्हणाली, "पांडू, त्याला पिताना बघितलंच नाय, येवढंच बोल. सरिता काय परत येनार नाय. ह्यो तरी राहू दे." ती उठली, आणि जाता जाता दोरीवरचे माझे कपडे काढून घडी घालून ठेवून गेली. सरिता घालायची तशीच घडी.

तर काल. पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलांनी आधीच बजावलं होतं, मास्तर, विचारलं तेवढंच सांगा. हर्षदचा वकील उठला, बायने त्याला आधीच दिलासा दिलेला असणार, असा हसत म्हणाला, "आरोपीला दारू पिताना आपण स्वतः पाहिलेलं नाही, बरोबर?"

मी म्हणालो, "पाहिलं. मीच भरून दिली."

वकिलाचं हसू गेलं. सरकारी वकिलांचं आलं. मी म्हटलं, साहेब, गाडी घेऊन पाठवलाही मीच, त्यालाही कलम आहे, एकशे अठ्ठ्याऐंशी... आता सरकारी वकिलांचंही हसू गेलं. न्यायाधीश चष्म्यावरून बघत म्हणाले, "मास्तर, विचारलं तेवढंच सांगा." टायपिस्ट बाईंचे हात थांबले होते. माझं कलम काही त्यांनी टाइप केलं नाही.

आणि जे सांगायला गेलो होतो, ते कोणी विचारलंच नाही. तुम्हीही विचारलं नाहीत, पण सांगतो. स्टँडवरून सरिताचा फोन आला होता. म्हणाली, "अहो, हर्षद आलाय, पण वास येतोय. मी एसटीने येऊ का?" मी म्हणालो, "हळदीच्या घरातून आलाय, मग अत्तराचा येईल का? बस गुपचूप." आणि माझ्या विनोदाला मीच हसलो. मांडवातलेही हसले.

बाहेर व्हरांड्यात हर्षद उभा होता, जामिनावर आहे. वाटलं, शिव्या देईल. म्हणाला, "मामा, तुम्ही कशाला सांगितलंत? मी पाच वर्षांची तयारी केलीय मनाची." त्याला आकडा आहे, बघा. भिंतीवर रेघा मारत बसेल, रोज एक, आणि एक दिवस संपतील.

मी निघालो, तर शिपाई धावत मागे. "सर, थांबा, सही राहिली." खोटं कशाला बोलू, बरं वाटलं, म्हटलं लावलं वाटतं कलम. बघतो तर साक्षीदाराचा भत्ता. महाड ते पोलादपूर, एसटीचं भाडं. सही केली, घेतलं.

शिक्षा मागायला गेलो होतो... एसटीने घरी पाठवलं. त्या दिवशी तिला पाठवायला हवं होतं तसं.