भूकंपच होता

(कोयनानगर. वेधशाळेतली नोंदींची खोली. सकाळचे पावणेअकरा.)

जीनत : पेल्यातलं पाणी आता थांबलं. अठ्ठेचाळीस सेकंद लागले.

बाळासो : पाणी काय बघताय ताई? बाहेर बघा. निम्मी कॉलनी रस्त्यावर आलीया. पडला का?

जीनत : काय पडला?

बाळासो : बॉम्ब वो! ह्या दिसांत दुसरं काय पडायचं? धरणावर पडला आसंल तर तसं सांगा. मी रखवालदार मानूस, गेटवर हुबा ऱ्हाऊ का पळू, येवढं तरी कळू द्या.

जीनत : मामा, दार लोटा आणि इकडे या. ही उंब्रजच्या यंत्राची रेघ. ही वारणेकडची. पहिला धक्का कुठे गेलाय?

बाळासो : हिथं वर. आन् हिथं... खाली.

जीनत : बॉम्ब असता तर जमीन सगळ्या बाजूंना बाहेर ढकलली गेली असती. सगळ्या रेघा आधी वर गेल्या असत्या. ही एक वर, ही एक खाली. म्हणजे जमीन आतल्या आत सरकली.

बाळासो : म्हंजी?

जीनत : भूकंप.

बाळासो : निस्ता भूकंप?

जीनत : निस्ता. आपला नेहमीचा.

बाळासो : आयला! माफ करा ताई, तोंडातनं गेलं. बसतो जरा. भूकंप! आवं, हितं बदली झाली तवा आमची म्हातारी रडली हुती, भूकंपाच्या गावाला चाललास म्हून. आता तिला काय सांगू, भूकंप झाला म्हून जीव भांड्यात पडला?

जीनत : पाणी प्या. तोच पेला घ्या, आता काही हलत नाही.

बाळासो : किती हाय? थांबा, सांगू नगा. तीन पॉइंट दोन.

जीनत : तीन पॉइंट चार. पण मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही.

बाळासो : कायबी न्हाई सांगितलं. लय दिसांनी अंदाज जवळ आला बगा. फळा आसता तर धोंडुबाईच्या दुकानातला पैजंचा च्या फुकट हुता मला.

जीनत : फळा आहे. लिहायची बंदी आहे.

बाळासो : काय दिस हुते! आपुन कुनाच्याच बाजूला न्हवतो. तुमी सकाळी आकडा लिवायचा, लोकं दूध घेऊन जाताना बघायची. जगातल्या समद्या देशांना बी तुमी त्योच आकडा धाडायचा, व्हय ना?

जीनत : सगळ्यांना. मागेल त्याला.

बाळासो : आन् श्रावणात ती लढाईच्या कराराची सही झाली. आपला देश आघाडीत गेला म्हून रेडिओवर ऐकलं, तर मला वाटलं इलेक्शन आलं पुन्ना.

जीनत : मला तर फळा पुसायला सांगितला तेव्हा खरं वाटलं. आठ महिन्यांत अकरा धक्के झाले, मामा. अकराही भूकंपच. आणि अकराही वेळा लोक घाटाकडे पळाले.

बाळासो : मग पळतील न्हाईतर काय? धरन फुटलं तर पानी पाटनकडं जायाचं. ऱ्हाता ऱ्हायला घाट. साताऱ्याच्या हापिसाला इचारलं का, लोकास्नी सांगू का म्हून?

जीनत : दर धक्क्याला फोन करते. ‘वर विचारून कळवतो.’ जानेवारीत विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून यायचंय.

धोंडुबाई : बाळासो! आरं दार काय लावलंस? जीनत हाय का आत?

बाळासो : या मावशी. आन् ह्ये बगा, माघारी जाताना दोन च्या पाठवून द्या. एकात साखर जास्ती.

धोंडुबाई : च्या?

बाळासो : व्हय. का?

धोंडुबाई : माझी दुकानाची फळी उगडी टाकून मी चप्पल न घालता पळत आली, आन् ह्यो च्या मागतोय. म्हंजी बॉम्ब न्हाई.

जीनत : मामा!

बाळासो : मी कुटं काय बोललो?

धोंडुबाई : त्यो बोलला न्हाई गं. पर बॉम्ब पडल्यावर कोन साखर जास्ती मागतंय? भूकंप हाय. आगं माझी माय! सदुसष्टच्या मोठ्या भूकंपाला आयनं मला दुपट्यात गुंडाळून अंगनात आनली हुती. ह्यो तर त्याच्या म्होरं लेकरू.

जीनत : मावशी, बसा. तुमची सून कुठंय?

धोंडुबाई : म्हून तर आली. माया गुंडाच्या टेम्पोत बसलीया. आठवा म्हैना सरलाय तिचा. पाठीमागं चौदा मानसं, त्यात एक शेरडू. ‘धोंडुबाई, चला’ म्हून गुंडा इंजिन चालू करून बसलाय. म्होरं घाटात गाड्या आत्ताच तटल्यात.

जीनत : तिला उतरवा. लगेच.

धोंडुबाई : मी सांगितलं तर ऐकतील व्हय? ‘म्हातारीला काय कळतंय’ म्हनतील. माया तर अजाबात ऐकायची न्हाई. माझा ल्योक जयराज बोटीवर लढाईला गेल्यापास्नं ती कुनाचंच खरं मानंना. तू सांग. तुज्या तोंडानं सांग.

जीनत : मला मनाई आहे, मावशी.

धोंडुबाई : कुनाची?

जीनत : आघाडीच्या संपर्क कक्षाची. बॉम्ब कुठे पडला हे बाहेर कळलं, तर नेम किती चुकला ते शत्रूला कळेल. हे कारण चुकीचं नाही.

धोंडुबाई : पर बॉम्ब पडलाच न्हाई की.

जीनत : तेच तर अवघड आहे. आज मी ‘भूकंप’ म्हणून सांगितलं, उद्याही सांगितलं, आणि एखाद्या दिवशी गप्प बसले, तर त्या दिवशी काय झालं ते सगळ्यांना आपोआप कळेल. म्हणजे एकदा तोंड उघडलं की मग मला कधीच गप्प बसता येणार नाही. आठ महिने मी ह्याच्यावरच विचार करतेय.

बाळासो : ताई, एक इचारू? रागवू नगा.

जीनत : विचारा.

बाळासो : ज्या दिशी खरंच बॉम्ब पडंल, त्या दिशी आमी पळायचं का न्हाई?

जीनत : पळायचंच.

बाळासो : मग त्या दिशी कळू दे की समद्यास्नी. आमच्याकडं मेंढरं हुती. कुत्रं रोज उगंच भुकाय लागलं तर मेंढरं हलत न्हाईत वो. लांडगा आल्यावर बी हलत न्हाईत. हितं बी तसंच हुनार. अकरा बारी पळाली, इसाव्या बारीला कोनबी उठायचं न्हाई. आन् त्योच नेमका खरा आसंल.

जीनत : जागा... आकडा...

धोंडुबाई : आता काय पुटपुटतीयास?

जीनत : मोजतेय. जागा सांगायची नाही, आकडा सांगायचा नाही. ते त्यांच्याकडेच राहू दे. भूकंप की दुसरं काही, एवढंच सांगायचं. तेवढ्यावरून नेम कळत नाही कुणाला.

बाळासो : नोकरी?

जीनत : जाईल कदाचित. अम्मी खूश होईल, ती कधीची उंब्रजला बोलावतेय. मामा, रात्री दिवे बंद करा म्हणून तुम्ही ओरडत फिरता, तो कर्णा कुठंय?

बाळासो : ह्यो काय, खुंटीला. बटन दाबून धरा. पयल्यांदा शिट्टी वाजती, दचकू नगा.

धोंडुबाई : दचकतीय कशाला? आख्खं धरन हललं तवा पेल्यातलं पानी बघत बसली हुती ती. चल पोरी, पायरीवर हुबी ऱ्हा, म्हंजी दिसशील.

जीनत : ऐका! वेधशाळेतून जीनत मुजावर बोलतेय. गाड्या थांबवा. गुंडाभाऊ, इंजिन बंद करा!

बाळासो : केलं त्यानं बंद.

धोंडुबाई : माया बघाय लागलीया हिकडं. बोल.

जीनत : भूकंप होता. नेहमीचा भूकंपच होता. माया, खाली उतर, सावकाश. सगळे घरी जा.

बाळासो : हसाय लागली बगा लोकं! त्यो शेरडूवाला तर नाचतोय.

धोंडुबाई : उतरली गं बाई, उतरली. पर ती काय तरी इचारतीया. म्होरल्या टायमाला काय, म्हनतीया.

जीनत : यापुढे प्रत्येक धक्क्याला मी इथे येऊन सांगणार. जे असेल ते.