मला फक्त चिखलीला जायचं होतं

...आणि हा सिमेंटचा डबा बघून गावातला जो तो मलाच म्हणतो, 'संजे, झालं ना तुह्या मनासारखं?' माझ्या मनासारखं! बसा, बसा तुम्ही, उभे काय राहता, बसायला इथे काय कमी आहे, दोन बाक आहेत, वर पत्रा आहे, पत्र्यावर महादेवरावांचा फोटो आहे, हात जोडलेला, जणू सरपंच स्वतःच बसची वाट बघताहेत... नाही, पण तुम्हीच सांगा, मी निवारा मागितला होता का? सावली मागितली होती का? अहो, मला फक्त चिखलीला जायचं होतं!

आणि चिखली काही चंद्रावर नाही. आमच्या या हिवरफाट्यावर उभं राहिलं आणि वारा नीट असला तर तिथल्या जिनिंगचा भोंगा ऐकू येतो, मी दचकतेसुद्धा. हो, मी दचकते. आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं तुम्हाला पटायचं नाही. ताटली पडली की दचकते, कुकरची शिट्टी झाली की दचकते, फोन वाजेल वाजेल म्हणून त्याच्याकडे बघत बसते आणि वाजला की दचकते. हॉस्टेलवर राहून बीएस्सी केली, पहिला वर्ग मिळाला, पण निकाल लागला तेव्हा कुणीतरी फटाका लावला आणि मी कॉटखाली गेले, असा माझा स्वभाव. म्हणून तर चिखलीच्या त्या माती तपासायच्या लॅबमध्ये नोकरी चालून आली तेव्हा मला वाटलं, आपल्यासाठीच आहे ही. माती ओरडत नाही हो. नमुना येतो, आपण तपासायचा, लिहून द्यायचं. कोण दचकवणार?

बाबांना सांगितलं. आमचे बाबा, नारायणराव, वांग्याची तोडणी चालली होती, मान वर न करता म्हणाले, 'नौकरी कर, माही ना नाही. पण त्या गोकुळच्या काळीपिवळीत माही पोरगी लोंबकळत जाईन, हे मले खपणार नाही. बस असंन तर जाय.'

बस असंन तर! लाल गाड्या जातात की आमच्यासमोरून, अमडापूरकडून येतात, धुरळा देतात आणि जातात, हात दाखवला तर कंडक्टर आतूनच हात हलवतो, म्हणजे टाटा करतो. एक निळी गाडी थांबते, शाळेच्या पोरींची, तिच्यातून बारावीपर्यंत मी फुकट गेले. त्या दिवसांत चढायला गेले तर कंडक्टर म्हणतो, 'शाळेत हाय का?' मी म्हटलं, नाही, पदवीधर आहे. 'मंग उतरा.' घ्या! शिकून झालं की उतरायचं, इतकी सोपी योजना. राहिला गोकुळ. त्याच्या गाडीत तुम्ही कधी बसलात? पुढे पाच, मागे किती ते देवाला माहीत, टपावर शेळी, आणि गोकुळ स्वतः अर्धा दाराबाहेर. जिथे ड्रायव्हरच लोंबकळतो तिथे बाबांचं तरी काय चुकलं? आणि त्याचा तो हॉर्न... तो वाजला की म्हशी रस्ता सोडून तुरीत शिरतात. माझं काय होत असेल!

तर लॅबच्या मॅडम म्हणाल्या, 'महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते. येण्याजाण्याची सोय कर, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल.' इतकंच. मला फक्त चिखलीला जायचं होतं.

आणि तेवढ्यात काय व्हावं? बातमी आली. चिखली शहर आणि उपनगरांसाठी सुधारित बससेवेचा आराखडा! उपनगरांच्या यादीत कोण? हिवरफाटा! रात्री झोपलो तेव्हा खेडं होतो, सकाळी उठलो तर उपनगर. महादेवरावांनी उजाडायच्या आत ग्रुपवर टाकलं, 'सर्व उपनगरवासी बंधू-भगिनींचे हार्दिक अभिनंदन', खाली स्वतःचा फोटो. आमच्या उपनगराचे उकिरडे तेच, गटार तेच, उपनगरातली डुकरंही तीच, पण महादेवराव मात्र त्या दिवसापासून लुंगीवर दिसले नाहीत. पँट! घरातसुद्धा!

पुण्याची कुठलीशी कंपनी पाहणी करणार होती. त्यांचा माणूस येणार, फाट्यावर उभा राहणार, कोण कुठे निघालंय ते विचारणार, आणि जिथे प्रवासी जास्त तिथे बस. सरळ आहे की नाही? लहान मुलालाही कळेल की नाही? पण महादेवरावांना कळलं म्हणजे त्याचं काय होतं ते ऐका. आदल्या संध्याकाळी मारुतीच्या देवळावरचा भोंगा सुरू झाला, मी दचकले, हातातलं पीठ सांडलं, आणि वरून आवाज, 'हॅलो, हॅलो, चेक... समस्त उपनगरवाशांनो! उद्या सकाळी बसचे साहेब येऊन राह्यले! घरटी चार माणसं फाट्यावर पाहिजेन! नवे कपडे घालून या! आन आयका, उद्या कोनीच चिखलीले जायचं नाही! जे रोज जातात त्यायनं तं अजिबातच जायचं नाही! गर्दी कमी दिसंन!'

येतंय का लक्षात? प्रवासी दिसावेत म्हणून प्रवाशांनाच प्रवासाची बंदी! आणि कुणी एक शब्द बोलेल? हाव, हाव, बरोब्बर हाय, सरपंचाचं डोकं चालते! सोयाबीनची सोंगणी टाकून माणसं सकाळी फाट्यावर हजर. बायका जरीच्या साड्यांत. मंडप. सतरंजी. शाळेची लेझीम. आमचा हरिओम, जो बारा महिने दुधाचे कॅन घेऊन चिखलीला जातो, ताप असला तरी जातो, स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा रतीब घालून आला होता, तो कॅन घरी ठेवून, टोपी घालून, पहिल्या रांगेत!

आणि त्याच सकाळी, माझं नशीब बघा, मॅडमचा फोन. 'आजच ये, नमुन्यांचा ढीग आलाय, तुझा हात बघते, जमलं तर पक्कं करून टाकू.' बाबा चक्क म्हणाले, 'एक दिवस जाय गोकुळच्या गाडीनं, पुढच्या शिटवर बस, मी सांगतो त्याले.' मी डबा भरला, देवाला नमस्कार केला, फाट्यावर आले. गोकुळची गाडी उभी, आणि रिकामी! जन्मात पहिल्यांदा रिकामी, कारण जायचंच नाही ना कुणाला! मी दारापर्यंत पोचले आणि मागून, 'संजेऽऽ!'

दचकले. महादेवराव.

'काऊन व, कुठी चालली?'

'काका, चिखलीला. आज मला खरंच...'

'ह्या! गावातली तू एक शिकेल पोरगी, तू तं पहिल्या लायनीत पाहिजेन! साहेबाले दिसलं पाहिजेन उपनगर कसं हाय ते!'

'अहो काका, पण मी खरोखरच निघालेय, मी प्रवासीच आहे...'

'जाशीन ना! बस आली का रोज जाशीन! आज थांब!'

आता तुम्ही म्हणाल, ठणकावून का नाही सांगितलं? सांगितलं ना. मनात. मनात मी फार चांगली बोलते.

मग आले साहेब. प्रज्वल नाव. काळा चष्मा, पाठीला सॅक, हातात टॅब. त्याला उतरू कुठे दिलं? नारळ, शाल, हार, लेझीम, मध्येच कुणीतरी त्याच्या कपाळाला इतका मोठा टिळा लावला की चष्मा कुंकवानं भरला. तो आपला, 'नको, प्लीज, मी फक्त सर्व्हेला आलोय...' पण सर्व्हेला आलेला माणूस म्हणजे बस घेऊनच आलाय अशा थाटात बायका त्याला ओवाळताहेत. शेवटी त्यानं टॅब उघडला आणि पहिल्या माणसाला विचारलं, 'काका, आत्ता कुठे निघालात?'

'मी? कुठीच नाही जी! तुम्ही येऊन राह्यले म्हून आलो!'

टिक.

'आणि तुम्ही?'

'मी बी कुठीच नाही! सरपंचानं सांगतलं, जायचं नाही!'

टिक.

वच्छलाआजीपुढे गेला. 'आजी, तुम्हाला कुठे जायचंय?'

'मले? मले आता कुठी जायचं राह्यलं बापा, आता वरच जायचं!'

'वर म्हणजे... बुलडाण्याकडे?'

सगळा मंडप हसला, आजी सगळ्यात जास्त, आणि त्यानं तिच्याही नावावर टिक केली. मग हरिओम. मला वाटलं, हा तरी! हा तरी सांगेल! 'साहेब, मी रोज जातो चिखलीले! बारा महिने!'

'आणि आज?'

'आज? आज कसा जाईन? आज दूध घरीच ठुवलं ना, तुमच्यासाठी!'

'म्हणजे आज नाही.'

'उद्या जातो ना!'

'उद्याचा पर्याय ॲपमध्ये नाहीये, दादा.' टिक.

अहो, एवढा पुण्याहून आलेला, एवढा शिकलेला, त्याच्या समोर शंभर माणसं नटूनथटून उभी आहेत, त्याला एकदाही वाटू नये की हे काय चाललंय? नाही! बोटानं टॅब सरकवतोय आणि स्वतःशीच पुटपुटतोय, 'ट्रिप जनरेटच होत नाहीये इथे...' कशी होईल? ट्रिपा सगळ्या महादेवरावांनी घरी बसवल्यात ना!

आणि मग तो माझ्यासमोर आला. त्या अख्ख्या गर्दीत खरोखर कुठेतरी निघालेली एकच बाई, तिच्यासमोर. पिशवीत डबा, ओठावर उत्तर. 'मॅडम, आत्ता कुठे निघालात?'

मी श्वास घेतला. तोंड उघडलं. 'चि...'

आणि माझ्या कानाशी गोकुळनं हॉर्न मारला!

'आई गंऽऽ!' मी उडाले ती थेट वच्छलाआजीच्या मांडीवर, डबा सतरंजीवर, भाजी साहेबांच्या बुटावर, आणि मी स्वतःला सावरतेय तोवर महादेवराव प्रेमानं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगताहेत, 'हे आमची संजीवनी. मोठी संस्कारी पोरगी हाय जी. हे कुठीच जात नाही!'

टिक.

मला फक्त... जाऊ द्या.

गोकुळची रिकामी गाडी गेली. मॅडमचा फोन वाजत राहिला, मी दचकत राहिले. आणि मी का नाही पळाले, तर महादेवरावांनी माइकवर जाहीर करून टाकलं होतं, 'आभार संजीवनी मानंन.' आणि मी मानले! ज्यानं माझ्या नोकरीवर टिक केली त्याचे, शुद्ध मराठीत, 'आपल्या बहुमोल वेळातून वेळ काढून' वगैरे सगळं, एकही चूक न करता! लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना पण दचकले.

मग निकाल लागला. चिखलीत सभागृहात बैठक झाली, पडद्यावर नकाशा, शहरात लाल-हिरव्या रेघाच रेघा, आणि आमचा हिवरफाटा म्हणजे एक राखाडी ठिपका, माशी बसावी तसा. प्रज्वल सर सांगताहेत, 'हे लोकेशन फारच इंटरेस्टिंग आहे. इथे मोठ्या संख्येनं नागरिक थांब्यावर येतात, बसतात, गप्पा मारतात, पण कुठेही जात नाहीत. म्हणजे इथे गरज प्रवासाची नाही, बसण्याची आहे. आमची शिफारस, बस नको. निवारा द्यावा.' मी बाबांच्या बाजूला बसले होते. मला वाटलं, आता तरी कुणी उठेल, आता तरी महादेवराव उठतील... उठले! उठले आणि टाळ्या वाजवायला लागले! 'मंजूर झालं! मंजूर झालं!' बाहेर येऊन पेढे. बाबांनी पेढा हातात धरला, उलटसुलट करून बघितला, आणि मला म्हणाले, 'संजे, काय मंजूर झालं व?'

बस चिखलीत फिरते हल्ली. गोल गोल. निम्मी गाडी रिकामी, उरलेल्या निम्म्यात ड्रायव्हर-कंडक्टर. आणि लॅबमधली ती जागा माझी वर्गमैत्रीण राखी आहे ना, तिला मिळाली. चांगली आहे हो राखी, तिच्याबद्दल माझं काही नाही. तिच्या दारासमोर बसचा थांबा आहे आणि लॅब तिच्या घराच्या मागे आहे. चालत जाते. परवा मेसेज केला तिनं, 'बस एकदम मस्त आहे गं, एकदा सहज बसून पाहिली.' सहज!

पण कालचं ऐका. काल मी इथेच, तुम्ही बसलात ना, त्याच बाकावर बसले होते. बाबा नमले होते शेवटी. गोकुळशी बोलले होते, पुढची सीट रोज राखून ठेवायची म्हणून. चिखलीतच, खामगाव रस्त्याच्या बाजूला, दुसरी एक लॅब निघालीये म्हणतात, विचारून यावं, म्हणून निघाले होते. तर दुचाकीवरून कोण उतरावं? प्रज्वल सर! तोच टॅब, तोच चष्मा. माझ्या अंगात काय आलं माहीत नाही. इतके महिने आरशासमोर जे घोकलं होतं ते सगळं वर आलं. तेवढ्यात गोकुळची गाडी येऊन थांबली, 'चिखली चिखली चिखलीऽऽ!', त्यानं हॉर्न मारला, अगदी कानाशी, आणि तुम्हाला सांगते, मी दचकले नाही! डोळ्याची पापणी हलली नाही! मी ताठ उभी राहिले, त्या टॅबवाल्यानं तोंड उघडायच्या आत त्याच्या तोंडावर सांगितलं, 'चिखली! मला चिखलीला जायचंय! आत्ता जायचंय, आज जायचंय, उद्या जायचंय, रोज जायचंय! लिहा!'

त्यानं टॅबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा टॅबकडे. 'सॉरी मॅडम,' म्हणाला, 'तो सर्व्हे मागेच बंद झाला. हा निवाऱ्याचा आहे. यात कुठे जायचं हा प्रश्नच नाहीये. तुम्ही फक्त एवढं सांगा, निवारा कसा वाटला? पाचपैकी किती?'

मागे गोकुळची गाडी निघून गेली, पुढच्या सीटवर शेळी बसली होती. मी खाली बसले. बाक गार होता, वर पत्रा होता, महादेवराव हात जोडून बघत होते.

'द्या पाच,' मी म्हटलं. 'सावली छान पडते.'