एका मायची लेकरं

मी मूळचा उमरेडकडचा. वडील जंगलात चौकीदार होते, म्हणून झाडं ओळखायले मले शाळेची गरज पडली नाही, तरी शाळा पुरी शिकलो आणि नागपूरच्या एका रोपवाटिकेत लागलो, तो निवृत्त होईपर्यंत बिजाची, म्हणजे ज्याले कुठं बिबळा म्हणतात त्या झाडाचीच, रोपं केली. बिजाचं फळ पापडासारखं चपटं असते, बी त्याच्या मधात. सडकेच्या कडेले एक जुना बिजा होता, काय सांगू तुम्हाले, सरळसोट, फळांनी लदलेला. मी दरवर्षी त्याचंच बी घेतलं. असं झाड, तर रोपंही तशीच होतील असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते जवळही होतं.

सुमन, माझी बायको, सोबत यायची, पदरात फळं गोळा करायची. एकदा म्हणाली, काहून हो, साऱ्या रानाले एकाच मायची लेकरं देता, आपण तरी एका घरात सोयरीक करतो काय. मी हसलो. म्हटलं, झाडांले कुठं आडनाव असते वं. ती म्हणे, नसू द्या, रक्त तर असते. मग पुढे मीच चिडवायचो, आज कोणाचं लगन जुळवून राहिली म्हणून. ती फळं वेचत राहायची.

दोन वर्षं झाली ती जाऊन. नागपूरले लागून बेसा आहे, तिथल्या आमच्या घरात पुस्तक उघडलं तरी पान पुढे सरकेना, म्हणून मी रानातली माझीच लावलेली झाडं पाहायले जाऊ लागलो. झाडं मोठी झाली होती, फळं धरली होती, पण फोडून पाहिली तर बहुतेक पोकळ. जे बी सापडलं ते घरच्या वाफ्यात टाकलं, उगवलं नाही. त्याच रानात एक मॅडम पानं गोळा करून राहिल्या होत्या, पानांवरून झाडांची नाती तपासायचं त्यांचं काम. काही महिन्यांनी भेटल्या तर म्हणाल्या, काका, ही सारी भावंडं आहेत. मधात सडक, शेतं, खदानी, रानाचे तुकडे झालेले, दुसऱ्या तुकड्यातली मधमाशी इथवर पोचत नाही, मग भावंडांचाच पराग भावंडांले. मी म्हटलं, हे मले आधीच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, कोणी. मी खाली पडलेली फळं वेचू लागलो.

आता मी बसनं लांबलांबच्या तुकड्यांत जातो. वाकड्या, ठेंगण्या झाडांचंही बी घेतो, एका झाडाची एकच मूठ, सुमनच्या जुन्या साडीच्या चिंधीत वेगळी बांधून, आणि घरी दर झाडाचा वाफाही वेगळा. सडकेवरच्या बिजाचीही एक मूठ घेतली, त्याचा काय दोष. ही रोपं मोठ्या झाडांच्या मधात लावून राहिलो. ती फुलतील तेव्हा मी नसीन, चालते.

तुम्ही इतकं ऐकून घेतलं, तर जाताना दोन रोपं न्या. बरकत येवो त्यांले. पण एकाच वाफ्यातली नेऊ नका.