फेम्केने न केलेला अनुवाद

...आणि वर अभिनंदनही मीच करायचं! फेम्केचं एकटीचं नाही हो, तिच्या नवऱ्याचं, आईचं, शेजारणीचंसुद्धा! आमच्या हॉलंडात, उत्रेख्तमध्ये, वाढदिवस एकाचा आणि हात मिळवायचे सगळ्यांशी. "लेकीच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन हं, काकू!" म्हणालो, दात दाखवून. तुम्हाला सांगतो, मी काही जळत नाही हं!

ऐका तरी. आमचं ऑफिस डच कायद्याची कागदपत्रं इंग्रजीत करतं. आता काही कंपन्या असतात, नफा कमावतात पण लावतात समाजाच्या कामाला... जुन्या सायकली दुरुस्त करायच्या, बेकारांना काम द्यायचं, असं. त्यांच्यासाठी म्हणे नवा कायदा येणार, डच नाव 'मात्सखापलिके बेफे', म्हणजे समाजासाठीची खाजगी कंपनी. कायदा अजून यायचाय, आणि आम्ही त्याच्या इंग्रजी नावावरून भांडतोय! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! पण आमचा साहेब रुलोफ म्हणाला, "ज्याचा शब्द लागेल, त्याचं नाव आपल्या शब्दकोशाच्या कव्हरवर." कव्हरवर! अहो, जन्मभर दुसऱ्यांचे करार इंग्रजीत उतरवले, माझं नाव कुठे? आई अजून विचारते, "शूर्ड, तू नक्की नोकरीलाच जातोस ना रे?"

मी म्हटलं, 'सोशल कंपनी'. तर फेम्के, आमच्याच ऑफिसातली अनुवादक, मान तिरकी करून, "अरे शूर्ड, 'सोशल' म्हटलं की इंग्रजांना वाटेल बेकारभत्ता वाटतात इथे!" बरं बाई. म्हटलं, ब्रिटिशांची 'कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी' तयारच आहे, उचला! तर ही म्हणते, "तिचा कायदा वेगळा, आपला वेगळा. वाचणारा त्यांचेच नियम धरून बसेल की." खरं होतं! खरं होतं, हाच तर त्रास! बिनडोक असती तर किती आवडली असती मला ती! तरी मी जळत नाही हं!

आणि आमच्याकडे मतदान नसतं. सगळ्यांच्या माना डोलेपर्यंत मीटिंग उठत नाही. हिशेबनीस बोलला, कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बाई बोलल्या, चीजचे पाव संपले, आणि माझे शब्द एकेक करून पडले... मग फेम्के हळूच, "डचच ठेवू या ना? खाली एका ओळीत अर्थ देऊ." रुलोफ टेबलावर थाप मारून, "वा! काय धाडस!" धाडस? काम न करण्याला धाडस म्हणतात? मी डझनभर शब्द घासूनपुसून आणले, हिने एकही नाही, आणि अनुवादक कोण? ही! आणि मान डोलावली कुणी? मीसुद्धा! भूक लागली होती हो...

तर काल तिच्या घरी. गोल मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येकाला जर्दाळूच्या केकचा एकच तुकडा, आणि मधल्या टेबलावर तो शब्दकोश, कव्हरवर तिचं नाव, एवढं मोठ्ठं! तिची आई मलाच म्हणते, "हिच्याकडून शिकून घे हो काहीतरी!" केक तसाच ठेवला. उठलो, संडासात जाऊन कडी लावली. म्हटलं, इथे तरी फेम्के नको! तर समोर, आमच्याकडे घरोघरी संडासातच असतं तसं, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं. आणि त्यात माझं नाव! सुवाच्य अक्षरात, तारीखही बरोबर. आमच्या रुलोफला माझं आडनाव धड येत नाही हो, आणि हिने...

जळतो! बरं, जळतो! पण काय करता? तिचं नाव लागलं कव्हरवर, आणि माझं लागलं संडासात. लागलं ना एकदाचं!